आपटा स्थानकावरील रात्र

पनवेलहून रोह्याकडे निघालेली मेमू सोमाटणे आणि रसायनी मागे टाकून आपट्याला येऊन थांबते. उतरणारे थोडे, चढणारे त्याहून थोडे. कारखान्यातल्या पाळीवर निघालेले कामगार, भाजीच्या पाट्या सांभाळणाऱ्या बायका, पनवेलच्या महाविद्यालयात जाणारी मुले. गाडी गेली की फलाटावर पुन्हा शांतता पसरते. भोवती भातखाचरे, त्यांच्यामागे कर्नाळ्याच्या बाजूची डोंगररांग आणि जवळूनच वाहणारी पाताळगंगा. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटलेले पाणी या नदीला मिळते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिला ओढ लागत नाही. मुंबईला उजेड पुरवून झालेले पाणी आपट्यावरून समुद्राकडे जाते, असे म्हटले तरी चालेल.

पनवेल शहर आता ओळखू येत नाही. १८५२ साली ज्या गावाला नगरपालिका मिळाली, त्याची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. भाताच्या गिरण्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि तालुक्याच्या एका अंगाला विमानतळही आला. आपट्याने मात्र आपले जुने रूप बरेचसे राखले आहे, आणि चित्रपटवाल्यांना नेमके तेच हवे असते.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. सुटलेली गाडी, दारात उभा नायक, फलाटावर वडिलांच्या मुठीत अडकलेले नायिकेचे मनगट, हा त्याचा शेवट ज्या घरात कोणीच पाहिलेला नाही, असे घर शोधावे लागेल. कथेत ते स्थानक पंजाबातले आहे. प्रत्यक्षात ते आपटा आहे. मोहरीची पिवळी शेते मिरवणाऱ्या त्या चित्रपटाने शेवटासाठी मात्र भातखाचरांच्या मुलखातला फलाट निवडला. हिशेब सरळ होता. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत रूळ साठच्या दशकात आले, १९८६ मध्ये ते रोह्यापर्यंत गेले, आणि कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. तोपर्यंत या मार्गावर गाड्यांची वर्दळ बेताचीच. मुंबई हाकेच्या अंतरावर, डोक्यावर विजेच्या तारा नाहीत, नजरेच्या टप्प्यात उंच इमारत नाही. एवढ्या सोयी एका ठिकाणी मिळाल्यावर पंजाबपर्यंत कोण जाईल?

तो चित्रपट मुंबईच्या मराठा मंदिरात चालतच राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याने १००० आठवडे पूर्ण केले. त्याचे निर्माते यश चोप्रा यांचा पुतळा स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला उभा आहे आणि भारतीय पर्यटक त्याच्या शेजारी छायाचित्रे काढून घेतात. आपट्याच्या वाट्याला आले ते दुसऱ्याच्या नावाने पडद्यावर येणे. पण या गावाचे नावच मोठे सूचक आहे. दसऱ्याला आपट्याचे पान हातावर ठेवून आपण ‘सोने घ्या’ म्हणतो. देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही, की हे पान आहे. तरी कोणी कोणाला फसवले, असे होत नाही.

आगगाडी आणि चित्रपट यांचे नाते मूळचेच आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे जे पहिले खेळ झाले, त्यांत स्थानकात शिरणारी गाडी होती. पुढे हीच गाडी बोलपटाच्या मुळावर उठली. अर्देशिर इराणी ‘आलम आरा’ करू लागले तेव्हा त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरे. म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर, बहुतांशी एक ते चारच्या दरम्यान, काम चाले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात जो बोलपट झळकला, तो असा जागरणातून जन्मला. तेव्हापासून या धंद्याला रात्र चिकटली आहे ती कायमची.

त्या जागरणाचे स्वरूप प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना दिसते. गेल्या हिवाळ्यात ते पाहण्याची संधी पनवेलच्या एका आत्याबाईंना मिळाली. पन्नाशी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, घरातील देण्याघेण्याचा हिशेब तोंडपाठ असलेल्या या बाई १९९५ साली महाविद्यालयात होत्या. मैत्रिणींबरोबर मराठा मंदिर गाठून पाहिलेला तो शेवट त्यांच्या मनातून पुसला गेला नाही. आपले स्थानक त्यात आहे, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळले. त्यांचा भाचा चित्रीकरणावर दिव्यांच्या तुकडीत काम करतो. आपट्याला रात्रीचे काम लागले आहे आणि त्यांचा आवडता नट येणार आहे, हे त्यानेच सांगितले. नटाचे नाव कोणाला सांगायचे नाही, ही त्याची अट होती आणि त्यांनी ती आजतागायत पाळली आहे.

परंतु आत्याबाई केवळ नट पाहायला निघाल्या नव्हत्या. त्यांच्या भावाचे पनवेलच्या जुन्या बाजारात किराण्याचे दुकान आहे. मुलाने तेथे बसावे, हा त्याचा आग्रह. रात्र रात्र बाहेर राहण्याला काय नोकरी म्हणायचे, असा त्याचा सवाल, आणि वहिनींना विजेची धास्ती. दोन वर्षे घरात हा वाद धुमसत होता. शेवटी भाऊ म्हणाला होता, “ताई, तू एकदा डोळ्यांनी बघून ये. तू सांगशील ते मी ऐकेन.” बहिणीवर एवढी भिस्त टाकणारा भाऊ विरळा, पण भिस्त टाकली की तिचे ओझेही आलेच.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून त्या निघाल्या आणि अंधार पडताना स्थानकावर पोहोचल्या. पहिला धक्का नावाच्या पाटीचा. आपटा हे नाव झाकून त्यावर उत्तरेकडील कुठल्याशा गावाचे नाव लावले होते. फलाटावर टँकरने पाणी मारणे चालू होते. पाऊस नसताना हे कशासाठी, तर ओल्या जमिनीवर दिव्यांचा उजेड परावर्तित होतो आणि रात्र पडद्यावर काळी ठिक्कर दिसत नाही. बाहेर जनरेटरची गाडी घरघरत होती. तेथून मनगटाएवढ्या जाड केबली फलाटभर पसरल्या होत्या. उंच मचाणावरच्या मोठ्या दिव्यापुढे निळा जिलेटीन कागद लावलेला. ते चांदणे. ट्रंका आणि गाठोडी घेऊन बसलेले प्रवासी म्हणजे ज्युनियर आर्टिस्ट, आणि त्यांच्या ट्रंका रिकाम्या. दहा वेळा उचलायची ट्रंक कोण भरून ठेवणार?

रेल्वेच्या हद्दीत असे काम करायचे तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी लागते. त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि कामावर रेल्वेच्या माणसांची देखरेख असते. आता या मार्गावर डोक्यावरून २५ हजार व्होल्टची तार गेली आहे. त्यामुळे उंच मचाण आणि क्रेनचा हात तिच्यापासून किती दूर राहतो, यावर एका कर्मचाऱ्याची नजर खिळलेली होती. वहिनींची धास्ती अगदीच निराधार नव्हती. ओला फलाट, जागोजागी जोडलेल्या केबली आणि वर ती तार. भाचा विजेरी घेऊन प्रत्येक जोडाशी वाकत होता, खालची फळी पाण्यापासून उचललेली आहे ना, हे हाताने चाचपत होता. एका जागी त्याने काम थांबवायला लावले. केबलचा जोड ओला झाला होता. तीन-चार माणसे कुरकुरली, दिग्दर्शकाच्या साहाय्यकाने घड्याळ पाहिले, पण जोड बदलेपर्यंत त्याने दिवा लावू दिला नाही. आत्याबाईंनी हे पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत.

मग बराच वेळ काहीच घडले नाही. चित्रीकरण पाहायला जाणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, की तेथे मुख्य काम वाट पाहण्याचे असते. नायक येण्यापूर्वी त्याच्या जागी कोणाला तरी उभे करून उजेड बसवावा लागतो. त्या रात्रीच्या प्रसंगात नायक म्हातारा होऊन परत येतो आणि त्याला घ्यायला स्थानकावर कोणीही आलेले नसते. उंची साधारण सारखी म्हणून छायालेखकाने भाच्याला पुढे बोलावले. खडूने केलेल्या खुणेवर तो उभा राहिला. डावीकडचा दिवा उतरवा, डोळ्यांत थोडा उजेड येऊ द्या, कानामागचा कमी करा, असे पाऊण तास चालले. त्या पाऊण तासात आत्याबाई आपल्या भाच्याचा चेहरा पाहत होत्या. घरात तो इतका वेळ कोणासमोर स्थिर उभा राहिल्याचे त्यांना आठवेना. उजेड फिरत गेला तसे त्याच्या चेहऱ्यात कधी भाऊ दिसला, कधी त्यांचे दिवंगत वडील.

मध्यरात्र उलटली आणि रेल्वेच्या माणसाने शिट्टी वाजवली. कोकणकन्या येत होती. रुळांकडे तोंड केलेले दिवे मालवले गेले, सगळे फलाटाच्या कडेपासून मागे सरकले. आपट्याला न थांबणारी ती गाडी धडधडत निघून गेली. आतले प्रवासी झोपलेले. एखादे जागे मूल खिडकीशी असलेच, तर कोकणच्या वाटेवर उत्तरेतले गाव कसे आले, असा प्रश्न त्याला पडला असेल.

नंतर नट आला. शाल, पांढरी दाढी, चालण्यात थकवा. त्याने सर्वांना हात जोडले, खुणेवर जाऊन उभा राहिला, आणि भाचा मागच्या अंधारात सरकला. शांततेची हाक झाली. नटाने रिकाम्या फलाटावरून नजर फिरवली, ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. एवढेच. पण रिकामी ट्रंक त्याने अशी ठेवली, की तीत आयुष्यभराचे सामान असावे. खोटी पाटी, टँकरचे पाणी, कागदातून आलेले चांदणे हे सारे तासाभरापूर्वी पाहिलेले असूनही आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. सहा वेळा तेच झाले आणि सहाही वेळा आले. नट वीस मिनिटांत परतला. जाताना जवळून गेला तेव्हा त्यांनी नमस्कार केला. त्यानेही केला. काय बोलायचे ते त्यांनी घरून ठरवून आणले होते, ते राहूनच गेले.

पहाटे ‘पॅकअप’ झाले. नट गेला तरी दिवे उतरवायचे असतात, केबली पुसून गुंडाळायच्या असतात, फलाट झाडायचा असतो. दोन माणसांनी खोटी पाटी काढली आणि खालून आपटा पुन्हा दिसू लागला. भाच्याने आत्याला चहा आणून दिला. सूर्य अजून उगवायचा होता, म्हणून तो त्यांनी हातात नुसताच धरून ठेवला. “नट बघितलास ना जवळून?” त्याने विचारले. “बघितला,” त्या म्हणाल्या, “पण तो जोड तू बदलायला लावलास, ते आधी सांग. पैसे कापतील का रे तुझे?” तो हसला. पैसे कापत नाहीत, शिव्या देतात, म्हणाला.

सकाळच्या मेमूत त्यांना खिडकी मिळाली. रसायनी येता येता भावाचा फोन आला. दुकान उघडण्याआधी त्याला उत्तर हवे होते.

“कसे काय आहे तिथले?”

“थंडी फार आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “तो सामान टेम्पोत चढवून मग येईल. वहिनीला सांग, पाणी तापवून ठेव. आणि दुपारी एकपर्यंत त्याला उठवू नकोस. दुकानात माणूस हवाच असेल, तर जाहिरात दे.”