खिशातला नकाशा, समोरचे इस्तंबूल

इस्तंबूलमध्ये एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला सुमारे वीस मिनिटे लागतात. काराक्यॉयच्या धक्क्यावर बोटीत बसावे, कमरेत बारीक असलेला काचेचा चहाचा पेला हातात घ्यावा. तो रिकामा होतो न होतो तोच युरोप मागे पडून आशियातला कादिक्यॉयचा धक्का समोर आलेला असतो. या सामुद्रधुनीत नियमित बोटी चालविणारी जुनी कंपनी १८५१ साली स्थापन झाली. १९७३ मध्ये बॉस्फरसवर पहिला झुलता पूल उभा राहिला आणि २०१३ मध्ये समुद्रतळाखालून मार्माराय रेल्वे धावू लागली. ती हेच अंतर चार-पाच मिनिटांत कापते. तरीही सकाळ-संध्याकाळ बोटी भरलेल्या असतात. गालाताचा मनोरा आणि सुलेमानियेचा घुमट मागे सरकत जातात, उजव्या हाताला आयासोफिया आणि तोपकापी राजवाड्याची झाडी दिसते, समोर पाण्यालगत हैदरपाशा स्थानकाची जर्मन धाटणीची इमारत मोठी होत जाते. हे दृश्य सोडून बोगद्यातून जाण्याची घाई तिथल्या नोकरदारांनाही नसावी.

मुंबईहून सहा-सात तासांचे उड्डाण करून येथे पोचलेला प्रवासी मात्र ही वीस मिनिटे बहुधा मान खाली घालून काढतो. पुढच्या धक्क्यावर उतरून कुठे वळायचे हे तो फोनवर पाहत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हॉटेलचा पत्ता, परतीचे तिकीट, नकाशा, भाषांतर, पैसे, घरच्यांचा आवाज, सारे त्या एका काचेच्या तुकड्यात असते, आणि त्या तुकड्याच्या किल्ल्या असतात परदेशातल्या चार-दोन बड्या कंपन्यांकडे. एरवी हे जाणवत नाही. खंड बदलला की जाणवते. भारतातले सिमकार्ड काढून तिथले सिम घातले, की ईमेलची कंपनी नव्या देशातून कोणी दार ठोठावते आहे असे पाहून सावध होते आणि ओळख पटविण्यासाठी सांकेतिक अंक पाठविते. तो अंक जातो नेमका त्या भारतीय क्रमांकावर, ज्याचे सिम कागदात गुंडाळून पाकिटात ठेवलेले असते. परतीचे तिकीट त्याच ईमेलमध्ये असते.

तुर्कस्तानात या परावलंबनाला आणखी एक पदर आहे. २०१७ च्या मार्चमध्ये इस्तंबूलच्या न्यायालयाने तिथल्या प्रवासी व्यावसायिकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून बुकिंग डॉट कॉम या संकेतस्थळाला मनाई केली. परदेशातून तुर्कस्तानातील खोली राखून ठेवता येई, पण तुर्कस्तानात पाऊल ठेवल्यावर तिथलीच दुसरी खोली शोधू गेले तर ती मिळत नसे. त्याच वर्षी २९ एप्रिलला विकिपीडिया बंद झाला, तो थेट १५ जानेवारी २०२० रोजी, घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा उघडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्राम आठवडाभराहून अधिक बंद होते, आणि २०२५ च्या मार्चमध्ये शहरात राजकीय वादळ उठले तेव्हा दीड-दोन दिवस अनेक समाजमाध्यमे आणि संदेशसेवा रखडल्या. या घटनांचे राजकारण हा त्या देशाचा विषय आहे. पाहुण्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की दूरच्या कंपनीचा किंवा इथल्या सरकारचा एखादा निर्णय त्याच्या हातातल्या यंत्राला अर्ध्या वाटेत मुके करू शकतो.

तेव्हा प्रश्न फोन घरी ठेवून जाण्याचा नाही. फोनमधले काय आपले आणि काय दुसऱ्याचे, हे निघण्यापूर्वी निवडण्याचा आहे.

नकाशाचेच पाहा. अनेकांची समजूत अशी, की आपण कोठे उभे आहोत हे इंटरनेट सांगते. वस्तुतः ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सांगतात, आणि फोन त्यांना काहीही विचारत नाही. तो केवळ त्यांचे संकेत ऐकतो. अमेरिकेची जीपीएस, युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास आणि चीनची बेइदू यांचे संकेत ऐकायला मासिक शुल्क नाही, सिमकार्ड नाही, खातेही नाही. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी हा संकेत मुद्दाम ढोबळ ठेवीत असे. ती अट निघाली आणि खिशातली दिशादर्शक यंत्रे कामाची झाली. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. ते चित्र घरूनच उतरवून नेले तर परमुलखात सिम नसलेला फोनही वाट दाखवितो. पहिला ठाव लागायला थोडा अधिक वेळ जातो, मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर स्वस्थ उभे राहावे लागते, इतकेच.

असे चित्र ज्या नकाशातून मिळते तो कोणा एका कंपनीचा नाही. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांची माहिती वापरायला भारी मोल पडे. त्याने रस्ते लोकांनीच नोंदवावेत असे ठरविले, आणि आज जगभरचे स्वयंसेवक आपापल्या गावातल्या गल्ल्या, पाणपोया, पायऱ्या त्यात भरीत असतात. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप तोच नकाशा फोनमध्ये साठवितात; कोण कोठे फिरले याची नोंद ती कोणाला कळवीत नाहीत.

अनेकांच्या हातांनी नकाशा बनावा, ही गोष्ट इस्तंबूलला नवी नाही. तोपकापी राजवाड्यात १९२९ साली हरिणाच्या कातड्यावर काढलेला एक फाटका नकाशा सापडला. पिरी रेइस या ऑटोमन दर्यावर्दीने तो १५१३ मध्ये काढला होता. उरलेल्या तुकड्यावर आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा दिसतो. पण त्याहून मोलाची आहे ती त्याच्या कडेला लिहिलेली टीप. आपण सुमारे वीस नकाशे जुळवून हा एक केला असे पिरी रेइस त्यात सांगतो: टॉलेमीच्या परंपरेतले, पोर्तुगीज खलाशांचे, कोलंबसाचा एक, आणि हिंदचा एक अरबी नकाशाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांचा उल्लेख नकाशावरच करण्याची ही रीत आजच्या बड्या नकाशा-कंपन्यांनीही पाहण्याजोगी आहे.

लोकांनी भरलेल्या नकाशाचा गुण गालाताच्या चढावर कळतो. इस्तंबूल हे टेकड्यांचे शहर आहे. सपाट पडद्यावर बोटभर अंतरावर दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात एकमेकांच्या डोक्यावर उभी असतात. बँकांच्या जुन्या रस्त्यावरून गालाता मनोऱ्याकडे जाताना कामोंदो घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेला वळणदार दुहेरी जिना लागतो. तो दिसायला सुंदर आहे, पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन निघालेल्या कुटुंबाला तो आधी ठाऊक असलेला बरा. ओपनस्ट्रीटमॅपवर पायऱ्या वेगळ्या खुणेने दाखविलेल्या असतात. उलट, कोणते दुकान काल बंद झाले, कोणत्या बसला आज उशीर आहे, हे तो सांगत नाही. बोटींच्या वेळा धक्क्यावरच्या फलकावर असतात. बोट, ट्राम, मेट्रो आणि मार्माराय या सर्वांना चालणारे इस्तंबूलकार्ट हे प्लास्टिकचे साधे कार्ड धक्क्याजवळच्या यंत्रातून घेता येते, आणि एकच कार्ड पाठोपाठ दाखवून सारे कुटुंब फाटकातून आत जाऊ शकते. त्याला ना खाते लागते, ना बॅटरी.

वाचनाचीही सोय करता येते. किविक्स नावाचे मोफत ॲप विकिपीडिया आणि विकिव्हॉयेज हे प्रवासमार्गदर्शक यांच्या प्रती फोनमध्ये साठविते. विकिपीडिया बंद असलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षांत ज्यांच्याकडे अशी प्रत होती त्यांना आयासोफियाचे घुमट इ. स. ५३७ चे की नंतरचे, हे पाहायला कोणाची परवानगी लागली नाही.

भाषेचे काम तर कागद अधिक चांगले करतो. शाकाहारी, त्यातही कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या कुटुंबांना भाषांतराच्या यंत्रावर विसंबणे महागात पडते, कारण यंत्र शब्द बदलते, स्वयंपाकघरातली रीत जाणत नाही. तुर्की भाषेत मांस म्हणजे ‘एत’, कांदा म्हणजे ‘सोआन’, लसूण म्हणजे ‘सारिमसाक’. आपण ‘बिनसाखरेचा चहा’ म्हणतो तसा तिथे शब्दाच्या शेवटी प्रत्यय लागतो: ‘एतसिझ’, म्हणजे बिनमांसाचे. पण ‘एतसिझ’ म्हणून पुढे आलेले मसुराचे सूप मांसाच्या रश्शात शिजलेले असू शकते. त्या रश्शाला ‘एत सुयू’, म्हणजे मांसाचे पाणी, म्हणतात. हा शब्द कार्डावर लिहिलेला नसेल तर आचारी प्रामाणिकपणे ‘मांस नाही’ असे सांगतो आणि दोन्ही बाजूंचा गैरसमज तसाच राहतो. एखाद्या जाणकाराकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतलेले कार्ड आचाऱ्याच्या हातात द्यावे. तो ते वाचतो, मान हलवितो, कधी आतून दुसऱ्याला बोलावून विचारतो. तिळांचे सिमित आणि ऑलिव्ह तर दर वळणावर आहेतच.

सारेच सोडता येत नाही, हेही तितकेच खरे. भारतीय बँका व्यवहाराची खूण मोबाइलवर पाठवितात. तो क्रमांक बंद करून निघणे शहाणपणाचे नाही. दोन सिमांच्या फोनमध्ये भारतीय सिम केवळ संदेशांसाठी जागे ठेवावे, जोडीला आगाऊ भरलेले परकीय चलनाचे कार्ड आणि थोडी रोकड असावी. घरचे आजी-आजोबा व्हॉट्सॲपवरच भेटतात, आणि त्यांना नवे ॲप शिकविण्याचा हट्ट प्रवासाच्या आदल्या रात्री कोणी करू नये. काही हौशी मंडळी फोनमधली मूळ प्रणालीच काढून ग्राफीनओएस किंवा लिनिएजओएस घालतात. त्यांचे कौतुक वाटते; पण अशा फोनवर काही बँकांची ॲप चालत नाहीत, आणि चार जणांच्या कुटुंबाला परमुलखात तो प्रयोग नको. तिकिटे, विमा, व्हिसा आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले, तरी कंपन्यांच्या हातातली निम्मी सूत्रे परत येतात. ॲप हवी तर एफ-ड्रॉइड या भांडारातून घ्यावीत. तिथे नाव-गाव विचारले जात नाही.

मग राहतो झाकलेला बाजार, ज्याला तिथे कापालीचार्शी म्हणतात. त्याचा आरंभ पंधराव्या शतकातला, सुलतान दुसरा मेहमद याच्या काळातला. साठाच्या आसपास गल्ल्या, हजारोंनी दुकाने, आणि वर विटांच्या कमानींचे छत. या छताखाली उपग्रहांचा संकेत धड पोचत नाही. पडद्यावरचा निळा ठिपका थबकतो, मग भलत्याच गल्लीत उडी मारतो. बड्या कंपनीचा नकाशा असो की स्वयंसेवकांचा, येथे दोघेही सारखेच. येथे चालतात ती गल्ल्यांची नावे, कारण ती धंद्यांवरून पडली आहेत. सोन्याची दुकाने ज्या मुख्य रस्त्यावर रांगेने लखलखतात त्याचे नाव काल्पाक्चिलार, म्हणजे टोप्या करणारे. टोप्या गेल्या, सोने आले, नाव राहिले. झवेरी बाजारात वावरलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटत नाही. कोणत्याही दुकानदाराला गल्लीचे नाव विचारावे. तो आधी चहा विचारतो, मग हात उंचावून दोनच खुणा करतो: सरळ, आणि कारंज्यापाशी डावीकडे. नुरुओस्मानियेच्या दरवाजातून बाहेर, उघड्या आकाशाखाली आले की फोनमधला ठिपका पुन्हा जागेवर येतो आणि आपण कोठे आहोत ते सांगू लागतो. तोवर समोर मशिदीचे अंगण आणि उन्हात पसरलेली दोन-तीन मांजरे दिसत असतात.