सहाणेशेजारचा दगड

पनवेलच्या गल्लीत धारवाला आला की ठिणग्या बघायला पोरं जमतात. पण ठिणग्या म्हणजे तापलेलं पोलाद. पातळ पातं फार तापलं तर त्याचं पाणी उतरतं. दोन सुऱ्या अशा मऊ पडल्यावर गल्लीतल्या एकीने धार लावायचा जपानी दगड आणला आणि सहाणेशेजारी ठेवला.

दगडाच्या निवडीत घोळ नको. ४०० नंबर खांडं पडलेल्या पात्याला, ६००० शेवटच्या झिलईला. एकच घ्यायचा तर १०००.

दगड दहा मिनिटं पाण्यात ठेवायचा. बुडबुडे थांबले की बाहेर. पातं पंधरा अंशांवर, म्हणजे काटकोनाच्या सहाव्या भागाइतकं तिरकं. घासताना राखाडी लगदा सुटतो. तो लगेच धुऊ नये, तोही धार काढतो. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीकसा कंगोरा जाणवला की सुरी उलटायची. पहिल्याच रविवारी पिकलेला टोमॅटो न दबता कापला गेला, तेव्हा तिला केवढा आनंद झाला!

क्योतोजवळचे नैसर्गिक दगड समुद्रतळाच्या बारीक गाळाचे. आपल्या कर्नाळ्याचा सुळका बेसॉल्टचा. तो दगड पाट्या-वरवंट्याला उत्तम, सुरीच्या बारीक धारेला नाही.

दगड वापरून मध्ये खोलगट होतो. तो अधूनमधून सपाट करून घ्या.