फॉकनर आणि माझी एक्सेल शीट

विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) मी तीनदा सोडली. अर्धवट सोडली असंही म्हणता येणार नाही, कारण गाडी पहिल्या २५ पानांपुढे कधी गेलीच नाही.

पहिला भाग बेंजीचा. वय ३३, बोलता येत नाही, आणि काल-आज हा फरकच त्याला नाही. आत्ता १९२८ मध्ये कुंपणाशी उभा, पुढच्याच ओळीत लहानपणी थंडीत बहिणीबरोबर. मध्ये तारीख नाही. फार तर तिरका टाइप.

चौथ्या वेळी मी इंजिनीअरगिरी केली. एक्सेल शीट उघडली. बेंजीला सांभाळणारा वर्श असेल तर लहानपण, टी. पी. असेल तर थोडा मोठा, लस्टर असेल तर १९२८. लॉगमध्ये टाइमस्टॅम्प सापडावा तसं! दोन वीकेंडमध्ये सगळे प्रसंग ओळीने लावले. काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत असं खुद्द फॉकनरलाही वाटायचं. २०१२ मध्ये फोलिओ सोसायटीने तशी १४ रंगांची आवृत्ती काढलीसुद्धा. मी खूश. पण खरं सांगू? पुस्तक आत कुठे पोचलंच नव्हतं.

मग दिवाळीत घरी गेलो. आजीला हल्ली फारसं आठवत नाही. गल्लीत सायकलची घंटी वाजली आणि ती पदर सावरत उठली. "हे आले वाटतं. चहा ठेव गं." आई आतून म्हणाली, "ठेवते हं." मी शहाणा! म्हटलं, "अगं आजी, आजोबा जाऊन १९ वर्षं झाली." ती माझ्याकडे बघत राहिली. मग रडायला लागली, जणू बातमी आत्ताच कळली.

त्या रात्री बेंजी आठवला. त्यांचं कुरण विकून तिथे गोल्फ कोर्स झालंय. खेळणारे 'कॅडी' अशी हाक मारतात, आणि बेंजी हंबरडा फोडतो. घरातून कायमची गेलेली त्याची बहीण कॅडी. मी शीटमध्ये लिहिलं होतं: 'गोल्फ, १९२८, लस्टर'. नोंद बरोबर होती. पण त्याच्यासाठी ती १९२८ ची गोष्ट नव्हतीच.

परत आल्यावर शीट न उघडता तो भाग वाचला. कुठल्या वर्षात आहोत ते बऱ्याचदा कळलं नाही. चालतंय.

तुम्ही वाचणार असाल तर शीट जरूर करा. फक्त नंतर बंद करा. आणि घरी कुणी चहा ठेवायला सांगितलं, तर ठेवा.