पंचेचाळीस दिवसांची मुदत

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा मी निवेदक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा आवाज खणखणीत आहे एवढ्या एका गुणावर समितीनं माइक हाती दिला. तो अजून सुटलेला नाही. मेळावा दिवाळीनंतर असतो. त्याआधी परिचय पुस्तिकेचं काम निघतं आणि नागपूरच्या सक्करदऱ्यातला आमचा हॉल समितीचं कार्यालय होऊन जातो. दिवाणावर फॉर्म, टीपॉयवर पासपोर्ट फोटो, खाली सतरंजीवर प्रूफं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत या पसाऱ्यात माझ्या पुतणीनं एक सिनेमा लावला. दिग्दर्शक ग्रीक. आणि प्रेक्षक कोण, तर आम्ही, लग्नं जुळवणारे.

पुतणी पुण्यात नोकरी करते. वहिनीनं तिला न विचारता भरलेला तिचा फॉर्म त्याच गठ्ठ्यात होता. तो तिनं शेवटपर्यंत वाचला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "काका, थोडं थांबा आता. एक पिक्चर दाखवते. तुमच्याच कामाचा आहे." वहिनी होती, आमची ही होती, बुधवार बाजारातून भाजी आणण्यापासून सगळ्या गोष्टींत सल्ला देणाऱ्या शेजारच्या मावशी होत्या, हिशेबाची वही घेऊन बसलेले कोषाध्यक्ष होते आणि माझा जुना मित्र भाऊ होता. त्याची बायको वारली तेव्हापासून तो फॉर्म तपासायच्या निमित्तानं येतो आणि जेवूनच जातो. पोह्यांवर तर्री पडली होती, त्यामुळे उठून कोणी जाणार नव्हतं.

सिनेमाचं नाव 'द लॉब्स्टर'. अथेन्सच्या योर्गोस लँथिमॉसनं तो २०१५ साली केला, आपल्या नेहमीच्या लेखकासोबत, एफ्थिमिस फिलिपूसोबत, लिहून. भाषा इंग्रजी, चित्रीकरण आयर्लंडमधलं. कान महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला, पुढे पटकथेसाठी ऑस्करचं नामांकनही. त्यातल्या जगात एकटं राहायला बंदी आहे. जोडीदार गेला की माणसाला एका हॉटेलात नेऊन ठेवतात. मुदत ४५ दिवस. तेवढ्यात जोडी जमली तर ठीक, नाही तर त्याचा प्राणी करतात. कोणता, ते ज्यानं त्यानं आधी सांगून ठेवायचं. बायकोनं सोडलेला डेव्हिड आपल्या कुत्र्याला घेऊन तिथे येतो. कुत्रा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. त्याची मुदत आधीच संपलेली.

पहिल्याच दृश्यात एक बाई भर पावसात गाडीतून उतरते, शेतातल्या गाढवाला गोळी घालते आणि निघून जाते. पुढे तिचा उल्लेखही नाही. "त्या गाढवानं काय बिघडवलं होतं तिचं?" मावशींनी लगेच विचारलं. पुतणी म्हणाली, दिग्दर्शक सांगत नाही, पण पुढची गोष्ट कळल्यावर लोक अंदाज बांधतात की तो तिचा नवरा असावा. भाऊ म्हणाला, "मंग बराबर आहे." आणि बायकांनी त्याच्याकडे बघितलं.

मग हॉटेलात डेव्हिडचा फॉर्म भरायला घेतात आणि आमचे कोषाध्यक्ष वही मिटून सरसावून बसले. बुटाचं माप? साडेचव्वेचाळीस. अर्धी मापं नाहीत, चव्वेचाळीस सांगा नाही तर पंचेचाळीस. इथे जगभरचे प्रेक्षक हसतात म्हणे. कोषाध्यक्ष हसले नाहीत. "आपल्या फॉर्मात तरी अर्धा इंच कुठे आहे?" ते म्हणाले. "अन् आपल्याकडे तो नेहमी वरच जाते. पाच-अडीचची पोट्टी कागदावर पाच-तीन." मुदतीबद्दल हिचं मत वेगळं होतं. "पंचेचाळीस दिवस? बाप्पा! मले अर्धा घंटा भेटला होता. त्यातही मामा मधात बसून पेपर वाचून राहिले होते."

जोडी असण्याचे फायदे पटावेत म्हणून हॉटेलचे नोकर छोट्या नाटिका करून दाखवतात. माणूस एकटा जेवतो, घास अडकतो, मरतो. माणूस बायकोबरोबर जेवतो, घास अडकतो, बायको पाठीमागून आवळते, वाचतो. बाई एकटी चालते तर एक माणूस तिच्यावर झडप घालतो. नवऱ्याबरोबर चालते तर काही होत नाही. पुतणी डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. मावशी मात्र गंभीरपणे मान हलवत होत्या. "बरोबरच तं दाखवून राहिले," त्या म्हणाल्या. वहिनीनं लेकीकडे बघितलं: "पाय, मी दुसरं काय म्हणते तुले?" दिग्दर्शकानं ज्याची टर उडवली, त्यालाच आमच्याकडे साक्षीदार म्हणून उभं करण्यात आलं.

बघता बघता माझं निम्मं लक्ष पडद्यावरून हॉलकडे वळलं होतं. कोण कुठे हसतं याचा काही नेम राहिला नव्हता. व्यवस्थापिका नव्या जोडप्याला सांगते, तुमच्यात भांडणं झाली आणि ती मिटेनाशी झाली तर तुम्हाला मुलं देऊ, त्यानं बहुतेक वेळा फरक पडतो. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. ही हसली, वहिनी हसली, मावशींना ठसका लागला. हा सल्ला कोणाला मिळाला नव्हता आणि कोणी कोणाला दिला नव्हता?

एक-दोन प्रसंग पुतणीनं रिमोटनं पुढे ढकलले. नेट अडकलं, असं मावशींना सांगितलं. मावशींनी ते ऐकून घेतलं.

कोषाध्यक्षांची एक तक्रार सुरुवातीपासून होती. "हे लोक ॲक्टिंगच नाही करून राहिले. नुसते बोलतात." ते खरंच आहे. प्रेम असो, धमकी असो, सगळे एकाच सपाट आवाजात, पाठ केल्यासारखं बोलतात. पुतणी म्हणाली, हीच लँथिमॉसची पद्धत आहे, २००९ च्या 'डॉगटूथ'पासूनची. त्याच्यानंतर ग्रीसमध्ये असे विचित्र सिनेमे करणाऱ्यांची फळीच उभी राहिली. मला पद्धत वगैरे कळत नाही, पण तो आवाज ओळखीचा होता. मेळाव्यात माझ्या शेजारी उभं राहून प्रत्येक जण त्याच आवाजात बोलतो: नमस्कार, माझं नाव अमुक, शिक्षण अमुक, पॅकेज अमुक, बाबा निवृत्त, आई गृहिणी, अपेक्षा अनुरूप, धन्यवाद. बाहेर चहाच्या टेबलापाशी हीच पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत बोलत असतात. पायरी चढली की आवाजातलं सगळं पाणी आटतं.

सिनेमाचा गाभा या मधल्या भागात आहे. त्या जगात जोडी जमायला दोघांत एक ठळक सारखेपणा लागतो. एका मुलीच्या नाकातून वारंवार रक्त येतं. लंगडणारा एक तरुण तिच्यासाठी मुद्दाम नाक आपटून घेतो आणि आपलंही असंच होतं म्हणून सांगतो. लग्न ठरतं, टाळ्या पडतात. आमच्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कोषाध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "जन्मवेळ थोडी सरकवली का मंगळ घर बदलते. किती पत्रिका आल्या आपल्यापाशी अशा." कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. गठ्ठ्यातून दिसतही होतं. फॉर्ममध्ये ज्याचा रकाना असतो तेवढंच खोटं लोक बोलतात. रागीट स्वभावाचा रकाना नाही, म्हणून त्याबद्दल कोणी खोटं लिहीत नाही.

पुढे डेव्हिडही तेच करतो. एका निर्दय बाईशी जमावं म्हणून आपण निर्दय असल्याचं दाखवतो. ती परीक्षा घेते: त्याच्या कुत्र्याला, म्हणजे भावाला, लाथांनी मारून टाकते. मावशी ताटली घेऊन उठल्या. "कुत्र्याले कायले मारलं?" एकट्या माणसांना जंगलात हुडकून बेशुद्धीचे बाण मारण्याची शिकार पडद्यावर चालली होती, तेव्हा याच मावशी शेव मागून घेत होत्या. "भैताड पिक्चर आहे हा," त्यांनी निकाल दिला. भाऊ म्हणाला, "मावशी, भैताड कोणाले म्हणावं? ताजुद्दीन बाबाले लोकांनी वेडा ठरवून पागलखान्यात ठेवलं होतं. राजे रघुजीराव त्याले आपल्या सक्करदऱ्याच्या महालात घेऊन आले. आज ताजबागेत रांगा कोणासाठी लागतात?" १९०८ सालची ती गोष्ट इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मावशी परत बसल्या.

मध्ये चहासाठी थांबलो तेव्हा कोण कोणता प्राणी होणार, हा विषय निघाला. हॉटेलची व्यवस्थापिका म्हणते, बहुतेक जण कुत्राच मागतात, म्हणून जगात कुत्रे इतके. डेव्हिड लॉब्स्टर मागतो, कारण तो शंभर वर्षं जगतो आणि याला समुद्र आवडतो. ही म्हणाली गाय. कोषाध्यक्ष म्हणाले, मांजर, घरच्या घरी. भाऊ म्हणाला, "मी कावळा. वर्षातून एकदा तरी घरचे वाट पाहतील." पितृपक्ष नुकताच झाला होता. हिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

उत्तरार्धात डेव्हिड जंगलात पळतो आणि वहिनीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता पोरीची बाजू जिंकणार. तसं होत नाही. जंगलातल्या एकट्या माणसांचेही कायदे तितकेच कडक. तिथे प्रेमाला शिक्षा, नाचायचं ते आपापले हेडफोन लावून, आणि मरणाआधी स्वतःचा खड्डा स्वतः खणून ठेवायचा. पुतणी हसायची थांबली होती. "हे आमचं पुणं," ती म्हणाली. "तिथं लग्न करते म्हटलं की मैत्रिणी सांत्वन करतात." त्या संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा तिच्याजवळ सरकून बसली.

जंगलातच डेव्हिडला त्याच्यासारखी एक भेटते. दोघांनाही लांबचं दिसत नाही. तिला आंधळी केलं जातं. शेवटी एका रेस्टॉरंटच्या प्रसाधनगृहात तो आरशासमोर उभा राहतो, हातात सुरी, डोळ्यापुढे टोक, कारण सारखेपणा टिकवायचा तर त्यालाही आंधळं व्हावं लागणार. ती बाहेर टेबलापाशी वाट बघते. सिनेमा संपतो. अक्षरं येतात आणि १९५७ च्या 'बॉय ऑन अ डॉल्फिन'मधलं एक ग्रीक प्रेमगीत वाजतं.

आमच्याकडे एकच गलका झाला. ही म्हणाली, नाही करणार, पुरुष आहे तो. वहिनी म्हणाली, करेल. कोषाध्यक्षांच्या मते तो मागच्या दारानं निघून गेला. भाऊ म्हणाला, "अरे, पण तिले दिसतच नाही नं. आंधळा झालो म्हणून सांगितलं तरी झालं." याचं उत्तर कोणापाशी नव्हतं.

मावशी जायला निघाल्या होत्या. दारात थांबून त्या म्हणाल्या, "बडग्या आहे हा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यांच्याबरोबर बडगे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, चालू पुढाऱ्यांचे वेडेवाकडे पुतळे. लोक त्यांच्यावर पोट धरून हसतात, शिव्या घालतात आणि शेवटी ते जाळून टाकतात. सिनेमा पाहून एवढी नेमकी समीक्षा मी तरी ऐकली नाही. फरक इतकाच की बडग्या आपण दुसऱ्याचा काढतो. हा आमचा होता, आणि आम्ही त्याच्या शेजारीच प्रूफं तपासत बसलो होतो.

आमच्या फॉर्ममध्ये रक्तगटाखाली एक रकाना आहे: चष्मा, आहे किंवा नाही. पुढच्या बैठकीत मी तो काढायचा प्रस्ताव ठेवला. पुतणीनं पुण्याहून फोनवर एक रकाना वाढवायला सुचवलं होतं: लग्न स्वतःला करायचं आहे की घरचे म्हणतात म्हणून. तोही मांडला. कोषाध्यक्ष म्हणाले, हा रकाना टाकला तर मंडपाचं भाडं निघायचं नाही; आणि चष्म्याचा काढून काय होणार, फोटोत सगळे चष्मा काढूनच येतात. दोन्ही प्रस्ताव बारगळले. पुतणीचा फॉर्म मात्र वहिनीनं स्वतः येऊन परत नेला. पुढच्या वर्षी ती सांगेल तर भरू, म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी मी पहिल्यांदा माइकवरून नजर काढून पहिल्या रांगांकडे नीट बघितलं. आयांच्या मांडीवर चष्म्याच्या डब्या. नाव पुकारलं की मुलगा किंवा मुलगी उठते, चष्मा काढून आईच्या हातात देते, डोळे बारीक करत पायऱ्या चाचपत वर येते आणि समोरच्या धुक्याला आपला परिचय सांगून खाली जाते. खाली बसलेला उमेदवारही तसाच, डोळे किलकिले करून वर बघत. दोघांनी एकमेकांना पसंत करावं म्हणून आम्ही त्यांना एकमेकांना दिसूच देत नव्हतो.

समितीला न विचारता मी घोषणा केली: "उमेदवारांनी चष्मा घालूनच मंचावर यावं. समोर कोण बसलं आहे ते तरी दिसू द्या." मागच्या खुर्च्यांवरून पोरापोरींचा हशा उठला आणि पटापट डब्या उघडल्या गेल्या. आया रागावल्या, दोघी-तिघींनी जेवणाच्या पंगतीत मला गाठून सुनावलंही. या वर्षीच्या पत्रिकेत ती सूचना मी छापूनच घेतली आहे.