गवत संपतं तिथे

मिनेसोटात १० एकरांपेक्षा मोठी ११,८४२ तळी आहेत आणि त्यांतली हजाराहून जास्त एकट्या ऑटर टेल काउंटीत. हिमनद्या मागे हटल्या तेव्हा मातीत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे मागाहून वितळले, आणि त्या खड्ड्यांतून यातली कितीतरी तळी तयार झाली. शेजारशेजारच्या दोन तळ्यांचा स्वभावही सारखा नसतो. एक उथळ आणि गढूळ, तर दुसरं काठापासून चार पावलांवर एकदम खोल. त्यामुळे एका तळ्यावर शिकलेलं दुसऱ्यावर जसंच्या तसं चालत नाही.

जुलैअखेर शनिवार-रविवारला एक रजा जोडून आम्ही तिथल्याच एका छोट्या तळ्याकाठी केबिन घेतली. बाबा रत्नागिरीहून आले होते. खाडीत गरवण्यात त्यांचं तरुणपण गेलेलं. त्यांच्यासाठी ७२ तासांचा परवाना काढला. आठ वर्षांच्या लेकीला परवाना लागत नाही. तिला मासा पकडायचा होता आणि आजोबांना तो तळून खायचा होता. तव्यात अख्खे मावणारे ब्लूगिल आणि क्रॅपी, म्हणजे इथले पॅनफिश, याला अगदी योग्य.

पाणी बघून बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भरती नाही, ओहोटी नाही. मग मासा खायला येतो कधी रे?"

प्रश्न नेमका होता. खाडीत वेळ पाणी ठरवतं, इथे ती ऊन ठरवतं. सकाळी आणि कलत्या उन्हात मासे काठाकडे सरकतात, टळटळीत दुपारी सावली आणि खोली धरतात. राहिला प्रश्न जागेचा. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या लेकफाइंडरवर बहुतेक मोठ्या तळ्यांच्या खोलीचे नकाशे आणि मत्स्यपाहणीचे तक्ते मिळतात. नकाशा असो वा नसो, मुक्काम छोटा असला की मी मासे कुठे नसतील ते आधी ठरवतो. उन्हाळ्यात अशा तळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट पाणी, खाली गार; आणि त्या गार थरातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. म्हणून मधल्या डोहाचा तळ बाद.

धक्क्याजवळची उथळ जागा लेकीने तपासली. पालथं पडून ती पाण्यात बघत होती. "खाली गोल गोल खड्डे आहेत!" गुडघाभर पाण्यात थाळ्याएवढे खळगे शेजारी शेजारी होते, गाळ झाडून खालची वाळू उघडी पडलेली. पाणी वीस अंशांच्या आसपास तापलं की ब्लूगिलचा नर शेपटीने असा खळगा करतो, मादीने अंडी घातली की पंख हलवत त्यांच्यावर पाणी खेळवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावून लावतो. आता खळगे रिकामे होते. बोटभर पिल्लं भोवती फिरत होती. मोठे मासे वीण उरकून खोल पाण्याकडे सरकलेले.

म्हणजे उरली मधली पट्टी. काठाला लव्हाळी, पुढे कमळपानं, त्यापुढे पाण्याखालचं गवत. जिथवर ऊन पोचतं तिथवर हे गवत वाढतं आणि पुढे संपतं. मोठे ब्लूगिल त्या कडेला उभे असतात, कारण मागे लपायला आडोसा आणि पुढे खायला मोकळं पाणी. पण कड तळ्याभोवती सगळीकडेच होती. नेमकी जागा बाबांनी सांगितली. "सकाळपासून वारा तिकडे लागलाय. खाणं सगळं त्या अंगाला गेलं असणार." नाव तिकडे वल्हवली. गळ टाकून ओढला की हिरवी काडी अडकून यायची. थोडं पुढे सरकलो आणि तो स्वच्छ आला. नांगर टाकला. दोरी मोजली, अकरा फूट.

बाबांनी वजनाला शिसं मागितलं, मी टंगस्टन दिलं. शिशाचे तुकडे गिळून लून पक्षी मरतात, आणि लून हा इथला राज्यपक्षी. ब्लूगिलचं तोंड चिमुकलं असतं, म्हणून आठ नंबरचा गळ आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. बूच आधी थरथरलं, मग तिरकं सरकत बुडालं. "आत्ता!" आजोबा ओरडले, आणि लेकीची काठी वाकली. हा मासा तोंडावर सरळ येत नाही. अंग आडवं धरून गोल फिरतो, त्यामुळे आकाराच्या मानाने ओढ जबर लागते. वर आला तो पसरल्या तळव्यापेक्षा मोठा. पोट तांबूस केशरी, कल्ल्यामागे काळा ठिपका, गालाखाली निळी झाक. पाठीचे काटे टोचू नयेत म्हणून ओल्या हाताने, डोक्याकडून शेपटीकडे पर दाबत धरायचा. तिने तसाच धरला.

तो मोठा नर होता. आम्ही तो सोडला.

बाबांना नवल वाटलं. खाडीवर सगळ्यांत मोठा मासा आधी घरी जातो. ब्लूगिलचं गणित वेगळं आहे, ते मी त्यांना सांगितलं. खळग्यांची राखण हे मोठे नर करतात. ते असतात तोवर लहान नर वयात येण्याची घाई करत नाहीत, अंगाने वाढत राहतात. मोठे काढून नेले की धाकटे कमी वयात विणीला लागतात आणि त्यांची वाढ तिथेच खुंटते. मग तळ्यात मासे खूप दिसतात, पण सगळे बोटभर. राज्यात माणशी २० सनफिश, म्हणजे ब्लूगिल आणि त्याचे भाईबंद, ठेवता येतात. काही तळ्यांवर मात्र ही मर्यादा १० किंवा ५ वर आणली आहे, ती याच कारणाने.

बाबांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःच निवड सुरू केली. मधल्या आकाराचे ठेवायचे, रुंद पाठीचे परत. दिवेलागणीला त्याच कडेवर थोडे क्रॅपीही आले. त्यांचं तोंड कागदासारखं नाजूक, हिसका दिला की फाटतं. बाबांचा हात तिथे बरोबर बसला.

रात्री हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून मासे अख्खे तळले. उरलेली गांडुळं कचऱ्यात गेली. इथल्या मातीत गांडुळं मुळात नव्हती, आणि बाहेरून आलेली गांडुळं जंगलाचा पालापाचोळा संपवतात.

दिवस थोडे आहेत म्हणून लागेल ते सगळं न्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. अनोळखी तळ्याची ओळख आम्हाला त्याच्या काठाने, वाऱ्याने आणि त्या खळग्यांनी करून दिली. पुढच्या आठवड्यात त्याच केबिनमध्ये दुसरं कुटुंब उतरणार, त्यांच्याही नावेत एखादं पोर असणार. त्या पोराच्या गळालाही तळव्यापेक्षा मोठा मासा लागायला हवा.