न खेळलेली खेळणी

जुन्या युरोपीय खेळण्यांच्या लिलावांची सूचीपत्रे वाचणे हा आमचा गेल्या काही वर्षांतला छंद. संग्राहक म्हणवून घेण्याची ऐपत आम्हा अध्यापकांची नाही. रंग उडालेले दोन डबे आणि चावी हरवलेले एक इंजिन एवढीच आमची मालमत्ता. पण या सूचीपत्रांचे गद्य वाचण्याजोगे असते. त्यातली सर्वोच्च स्तुती ठरलेली : मूळ रंग, मूळ खोका, खेळल्याची खूण नाही. नव्याने रंगवलेल्या इंजिनापेक्षा टवके उडालेले पण मूळ रंगाचे इंजिन मोलाचे. आणि खोक्याबाहेर न आलेले सर्वांत मोलाचे.

ही संग्रहवृत्ती प्रौढांनी मागाहून लादली असे म्हणावे, तर १८९१ सालची लाइपझिगची व्यापारी जत्रा आठवते. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने तेथे चावीवर धावणारी आगगाडी मांडली. गाडीपेक्षाही महत्त्वाचे होते ते रूळ. त्यांच्या रुंदीला ठरावीक मापे आणि क्रमांक दिलेले असल्यामुळे जादा रूळ, डबे, स्थानके पुढे सुटी घेता येत. एका नाताळात इंजिन, पुढच्या नाताळात पूल. हे खेळणे कधी पूर्ण होतच नसे. अपुरेपणाची ओढ, जिच्यावर प्रत्येक संग्राहक जगतो, ती त्याच्या रचनेतच होती.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९२८ मध्ये जुन्या खेळण्यांवर लिहिले. ते स्वतःही खेळणी आणि बालपुस्तके जमवीत. संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जाचातून सोडवतो, असा एक विचार त्यांनी अन्यत्र मांडला आहे. पुस्तकाच्या किंवा फुलदाणीच्या बाबतीत तो आम्हाला पटतो. खेळण्यापाशी मात्र तो अडखळतो. खेळणे उपयुक्ततेला बांधलेले कधी नव्हतेच; त्याला सोडवायचे म्हणजे मुलाच्या हातून सोडवायचे. पाने न फाडलेल्या पुस्तकाचा संग्राहकाला अभिमान वाटतो, तसाच हा प्रकार.

न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंचा कारखाना पहिल्या महायुद्धापूर्वी जगातल्या मोठ्या खेळणी-कारखान्यांपैकी एक होता. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांच्यासाठी तो ब्रिटिश धाटणीची इंजिने करी. १९३०च्या दशकाच्या आरंभी तो बुडाला. त्याच घराण्यातील स्टेफान बिंग यांनी दुसऱ्या कंपनीतून उभ्या केलेल्या ‘ट्रिक्स एक्स्प्रेस’ या छोट्या विजेच्या गाड्या १९३५ मध्ये बाजारात आल्या; पण ते ज्यू होते. १९३८ मध्ये कंपनी सोडून त्यांना इंग्लंड गाठावे लागले. त्या काळातल्या जर्मन खेळण्यापुढे ‘खेळल्याची खूण नाही’ असे वाचले की आम्ही थबकतो. कारण साधेही असेल : दुकानात पडून राहिलेला माल, शिस्तीचे घर. पण ते खेळणे ज्याच्यासाठी आणले, त्या मुलाविषयी सूचीपत्र अवाक्षर काढत नाही, आणि किंमत मात्र नेमकी त्या मुलाच्या अनुपस्थितीची लावली जाते.

शिवाय जपणूकही अखेर पुरी पडत नाही. त्या दशकातले काही सुटे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले आहेत. त्या धातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली असेल, तर तो आतून फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. जर्मन संग्राहक याला ‘जस्ताचा प्लेग’ म्हणतात. बंद खोक्यातही तो थांबत नाही. बोटही न लागलेले इंजिन एके दिवशी उघडावे, तर चाकांना भेगा गेलेल्या.

म्हणून सूचीपत्र वाचताना आम्ही आता दोषांच्या रकान्यापासून सुरुवात करतो : चिमणीला पोचा, एक बफर गायब, छतावर खरवडल्याच्या रेघा. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीच्या समासात कुणा अनामिकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा आम्ही याच आस्थेने वाचतो. तेवढ्यावरून त्या मुलाचे नाव कळत नाही. पण वळणावर त्याने गाडी फार वेगाने सोडली होती, एवढे कळते.