मामांची मार्क टू आणि बिडदीची कॅमरी

निपाणीत पूर्वी गाडी बदलावी की नाही हा प्रश्न कुणाला पडतच नसे. गाडी आयुष्यात एकदा यायची. तीही आधी पैसे भरून, नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहून. निवड म्हणाल तर अ‍ॅम्बेसिडर, फियाट आणि फार तर स्टँडर्ड हेरल्ड. यांतली मिळेल ती आपली. आज बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरासमोर २०२२ सालची टोयोटा कॅमरी उभी आहे. अंगावर ओरखडा नाही, इंजिनाची कुरकुर नाही. तरी ती देऊन नव्या रूपातली कॅमरी घ्यावी का, यावर धाकट्या भावाचं आणि माझं बोलणं चालू आहे. आणि दर वेळी मला आठवते ती मामांची मार्क टू अ‍ॅम्बेसिडर.

मामांची निपाणीत तंबाखूची अडत होती. वखारींच्या गल्लीत शिरलं की जर्द्याचा वास नाकात झोंबायचा, नव्या माणसाला शिंका आवरायच्या नाहीत. तो वास मामांच्या गाडीच्या सीटांतही मुरलेला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे ही अ‍ॅम्बेसिडर आली. १९६२ पासून चालत आलेलं ते मॉडेल १९७५ साली बदललं, मार्क थ्री आली. बदल मुख्यतः पुढच्या जाळीचा. आत तेच इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा हँड गिअर, तीच सोफ्यासारखी अखंड पुढची सीट. पण त्या जाळीवरही पेठेत बरंच बोलणं झालं. ‘मालक, नवी कधी घेताय?’ असं लोक मामांना विचारायला लागले. मामांचं उत्तर ठरलेलं : “जाळी रस्त्यावरच्या माणसाला दिसत्या. आपण आत बसतोय न्हवं?”

आत बसण्याची ती सोय खरोखरच मोठी होती. अ‍ॅम्बेसिडरची सीट उंच, दार रुंद, छत घुमटासारखं वर गेलेलं. नऊवारी नेसलेल्या आजीला वाकावं लागत नसे. ती आधी टेकायची आणि मग पाय आत घ्यायची. फेटा बांधलेला माणूस फेट्यासह बसायचा. पुढे तिघं, मागे चार मोठी माणसं आणि त्यांच्या मांडीवर पोरं, हा आमचा नेहमीचा हिशोब. नरसोबाच्या वाडीला, पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला, लग्नाच्या हंगामात नवरा-नवरीला आणायला. आणि रात्री-अपरात्री गल्लीत कुणाला काही झालं की मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलला. त्या काळी निपाणीत मोठं दुखणं निघालं की मिरजच. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या किती बायका त्या सीटवरून गेल्या असतील! मामींनी त्यासाठी एक मेणकापड आणि दोन जुनी सुती लुगडी डिकीत कायम ठेवलेली असायची. गाडीच्या कागदांवर नाव मामांचं, पण गल्लीत कुणीही ‘तुमची गाडी’ म्हणत नसे, नुसतं ‘गाडी’ म्हणत.

बेळगावला यायचं तर तवंदीचा घाट लागायचा. आज मोठ्या रस्त्यावर तो घाट आला कधी आणि गेला कधी हे मागे बसून मोबाइल बघणाऱ्याला कळतही नाही. तेव्हा तो एक टप्पा होता. निपाणी सोडली की पुढच्या मालट्रकचा धूर अंगावर घेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चढायची. वर येईपर्यंत रेडिएटर उकळायला लागायचा. मग स्तवनिधीच्या आसपास झाडाखाली थांबायचं, बॉनेट उघडायचं, फडक्यानं टोपण धरून बेतानं वाफ सोडायची आणि पत्र्याच्या डब्यातलं पाणी ओतायचं. तेवढ्यात डबे सुटायचे, दशम्या निघायच्या. पुढे संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरीचा घाट, काकती आणि मग बेळगाव. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या वाटेत अर्धा दिवस जायचा.

ते सगळं छान होतं असं मात्र मी म्हणणार नाही. उतारावर ब्रेक तापून पकड सोडायचे. सीटबेल्ट कुणी पाहिलेले नव्हते. पावसात वायपर दमायचे आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून काच पुसायचा. आज नव्या कॅमरीत नऊ एअरबॅगा आहेत, समोरचं वाहन अचानक थांबलं तर गाडी स्वतः ब्रेक लावते. तवंदीच्या घाटात त्या काळी आमच्या ओळखीतली जी माणसं गेली, त्यांना यातलं निम्मं जरी मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की जुन्याचं कौतुक घशात अडकतं.

आणखी एक आठवण आहे, आणि ती सोडून या गाडीची गोष्ट सांगता येत नाही. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्ता अडवला. हजारो माणसं बायकापोरांसह, बैलगाड्यांसह रस्त्यावरच राहिली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. मामा अडतीच्या बाजूचे. शेतकऱ्यांची मागणी त्यांच्या धंद्याच्याच समोर उभी होती. तरी त्या दिवसांत त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. “रस्त्यावर आपली माणसं बसल्यात, त्यांच्या म्होरं गाडीतनं कसं जायचं?” एवढंच ते म्हणाले. ती गाडी ज्या पानांच्या पैशातून आली, त्याच पानांच्या भावासाठी लोक रस्त्यावर बसले होते. मामा हे जाणून होते, आणि गाडी म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून जे कळलं त्यात ते दिवस फार मोठे आहेत.

मार्क टू पुढे बरीच वर्षं चालली. पेट्रोल परवडेना तेव्हा निपाणीतल्याच मिस्त्रीनं तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी आमच्या भागात सर्रास बसवत. नव्वदच्या दशकात मारुती एस्टीम आली, १९९५ पासून पुण्यात मर्सिडीज बनायला लागली, आणि निपाणीच्या रस्त्यावर मधूनच एखादी दिसायला लागली. मामांनी त्या कौतुकानं पाहिल्या. घेतली एकही नाही.

आता आमच्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. नववी पिढी म्हणून ओळखली जाणारी कॅमरी भारतात डिसेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा शोरूममधली किंमत ४८ लाख. पुढचा चेहरा पूर्ण बदललेला, आत १२.३ इंचांचा पडदा, मागची सीट बटणावर कलणारी, आणि मागे बसणाऱ्यानं एसी-गाणी चालवावीत म्हणून मधल्या आर्मरेस्टवर बटणं. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून २३० पीएस ताकद. आमच्या २०२२ च्या गाडीची २१८. कागदावरचं मायलेज लिटरला २५.४९ किलोमीटर. एवढी मोठी गाडी, मामांच्या मार्क टूपेक्षा कितीतरी ताकदीची, आणि पेट्रोल तिच्याहून निम्म्यानंही कमी पिणारी. हे कौतुक करण्यासारखंच आहे, इंजिनिअरांना मनापासून दाद द्यावी असं.

भावाचा जीव त्या गाडीवर जडायला आणखी एक कारण आहे आणि ते मलाही पटतं. टोयोटा-किर्लोस्करचा कारखाना बंगळूरजवळ बिडदीला आहे आणि कॅमरी तिथेच जोडली जाते. त्या नावातले किर्लोस्कर आमचे बेळगावचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते. पुढे ठळकवाडीच्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती ठळकवाडी म्हणजेच आमची आजची टिळकवाडी. बिडदीच्या कारखान्यामागे ज्यांची धडपड होती ते विक्रम किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पणतू. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गेले. बेळगावातून किर्लोस्कर रोडवरून कॅमरी चालवताना मला दर वेळी अभिमान वाटतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत आजही देशभरच्या वाहनांचं ओतकाम होतं. भावाचं छोटं मशिन शॉप तिथेच आहे. गाडी हा आमच्या गावाचा नुसता हौसेचा विषय नाही, ती पोटाची गोष्टही आहे.

पण सीमाभागात गाडी घ्यायची म्हणजे पहिला प्रश्न पासिंगचा. निपाणीचं पासिंग चिकोडीचं, केए-२३. पलीकडे कोगनोळी ओलांडून कागलला गेलं की एमएच-०९. वीस लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात आयुष्यभराचा रोड टॅक्स १८ टक्के, वर त्यावर उपकर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १३ टक्के. उपकर न धरताही या किमतीच्या गाडीत तो फरक अडीच लाखांच्या घरात जातो. उलट पेट्रोल आमच्या बाजूला स्वस्त, म्हणून कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर एमएच-०९ च्या रांगा. एकाच अंगणात एका भावाची गाडी केए आणि दुसऱ्याची एमएच, हे निपाणीत कुणाला नवल नाही. आणि नंबरपाटीचा अर्थ पैशापुरता राहत नाही. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या मालट्रकवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं. त्या आठवड्यात आमच्या कितीतरी सोयऱ्यांनी गाड्या सीमेपलीकडे नेल्याच नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मामा शाळेत होते. त्यांच्या गाडीला मात्र कोल्हापूरला जाताना पाटीची धास्ती कधी वाटली नाही. या बाबतीत तेव्हाचे दिवस निःसंशय बरे होते.

भावाचं म्हणणं, कागलच्या मावशीच्या पत्त्यावर एमएच-०९ घेऊ. मला ते मान्य नाही. गाडी राहणार बेळगावात, फिरणार निपाणीपर्यंत, रस्ते वापरणार इथले. टॅक्स इथेच भरायचा. शिवाय दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर पुन्हा नोंदणी करावीच लागते.

मग नातेवाईक म्हणतात, सेडान हवीच कशाला, फॉर्च्युनर घ्या. बेळगाव-निपाणी पट्ट्यात आज ज्याला मान हवा तो उंच गाडी घेतो. ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे तीच. मला सेडान आवडते. लांब रस्त्यावर ती जमिनीला धरून जाते, वळणावर आतल्या माणसांना हलवत नाही, पाचशे किलोमीटर जाऊनही पाठ बोलत नाही. डौलदार, शांत गाडी म्हणून सेडानचं जे स्थान होतं ते आमच्या डोळ्यांदेखत चाललंय याचं मला वाईट वाटतं.

तरीही निर्णय घेताना मी मामींना मध्ये घेतलं. मामा आता नाहीत. मामी ऐंशीच्या पुढे गेल्यात, निपाणीच्याच घरात राहतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना बेळगावला डॉक्टरांकडे आणायचं काम आमच्या गाडीचं. चाचणीसाठी शोरूमनं नवी गाडी दिली तेव्हा ती निपाणीपर्यंत नेली आणि मामींना मागे बसवलं. बसताना त्यांना खाली वाकून, छताला हात धरून आत सरकावं लागलं, अगदी आमच्या जुन्या कॅमरीत लागतं तसंच. सीट बटणावर मागे गेली तेव्हा त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, “झोपायचं घरात. गाडीत मला बाहेरचं बघायचं असतंय.” मग तवंदीच्या घाटात खिडकीतून पाहत राहिल्या, आणि आम्ही पूर्वी पाणी ओतायला कुठल्या झाडाखाली थांबायचो ते दाखवायला लागल्या. उतरताना पुन्हा तेच, भावानं हात दिला.

शोरूममध्ये मी दोन्ही गाड्यांची मापं शेजारी मांडून पाहिली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींत २,८२५ मिलिमीटर. नव्या गाडीचा पडदा मोठा, चेहरा देखणा, ताकद बारा पीएसनं जास्त. मामींना बसायला-उतरायला त्यातलं काही कामाचं नाही. आमच्या गाडीच्या हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. म्हणजे २०३० पर्यंत तिकडून काळजी नाही. भावानं दोन दिवस विचार केला. त्याचा हिरमोड झाला आणि मला तो समजतो. नव्या वस्तूचा ध्यास हा काही दोष नव्हे, त्याच ध्यासातून सायकलच्या दुकानाचा कारखाना झाला. पण पटलं त्यालाही. शोरूमला त्यानं स्वतःच फोन करून नाही सांगितलं, आणि आहे त्याच गाडीला मागच्या दाराशी मामींना उंचीला सोयीची पडेल अशी सीट-गादी आणि धरायला मजबूत कडी बसवून मिळेल का, हे विचारायला तो उद्यमबागेतल्या गादीवाल्याकडे गेला आहे.